राखणदारापुढचं गाऱ्हाणं

बसमध्ये शेजारी म्हातारं माणूस येऊन बसलं की मी डोळे मिटून घेते. एकदा बोलायला लागली की ही माणसं उतरेपर्यंत सोडत नाहीत. त्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून उंडे पाव आणि सुकी मासळी घेऊन मी लाटंबार्शाला बहिणीकडे निघाले होते. शेजारी खादीचा सदरा घातलेला एक म्हातारा काठी सांभाळत येऊन बसला, आणि मी डोळे मिटले.

"न्हिदूं नाका गे बाय," तो म्हणाला. "म्हाका दोळ्यांनी कमी दिसता. म्हजो स्टॉप आयलो काय सांग."

मग कसली झोप! अस्नोडा येईपर्यंत त्याने आपलं सगळं आयुष्य माझ्या मांडीवर ठेवलं. तरुणपणापासून मोर्चे, उपोषणं, खाणीच्या ट्रकांपुढे आडवं पडणं. त्यातलं एकही जिंकलो नाही, असं तो हसत सांगत होता. आता गावचा डोंगर विकला गेला होता. त्याच डोंगरातली पाण्याची झर खालच्या शेतांना आणि सुपारीच्या कुळागरांना पुरते. वर बंगले होणार होते. अर्ज झाले, कोर्ट झालं, आणि आज दुपारी माती उकरायला सुरुवात होणार होती.

एकच वाट उरली होती. डोंगराच्या पायथ्याशी गावाचा राखणदार देव आहे. त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तिथे कुणी कुदळ मारत नाही, मशीनवाला तर हातच लावत नाही. देवाचा मानकरी असलेला गावकर गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माणसांनी व्हय म्हटलं नाही तर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. म्हणून म्हातारा घरोघर फिरला होता. भांडू नका, अडवू नका, फक्त तोंड उघडू नका, एवढंच त्याने मागितलं होतं. एक गावकर सोडला तर सगळे कबूल झाले होते.

"जल्मभर लोकांक तोंड उगडून उलोवंक शिकयलें," तो म्हणाला. "आतां ओगी रावात म्हणून सांगलां."

मला त्याचा रागच आला. पेडण्यात आमच्या घरामागची टेकडी सपाट झाली, तेव्हापासून मी असल्या गोष्टींवर आशा ठेवणं सोडून दिलं होतं. मन कसं गार पडलेलं बरं असतं. आणि हा माणूस तासाभरात ते पुन्हा पेटवून बसला होता. त्याला एकट्याला रस्ता ओलांडू देववेना, म्हणून मीही त्याच्याबरोबर उतरले.

झाडाखाली राखणदाराचा दगड, बाजूला पिवळं मशीन, आणि गाव जमलेलं. गावकराने नारळ हातात धरला. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत..."

कुणी काहीच बोललं नाही. म्हाताऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

गावकर मुरलेला माणूस. त्याने चेहरा हलू दिला नाही. तुयेच्या कारखान्यात जाणाऱ्या पोरांना सुखरूप घरी आण, असं त्याने देवाला सांगितलं. एका बाईच्या तोंडून हळूच 'व्हय म्हाराजा' आलं. आई कशी गप्प राहणार? मग काजू मागितले, गुरांसाठी चारा मागितला, आणि एकेक आवाज मिसळत गेला. तसं मागणं कोण नाकारणार? मग तो म्हाताऱ्याकडे वळला.

"ह्या आमच्या म्हाताऱ्यान गावासाठी जल्म झिजयलो. तेका आयुष्य दी. तेच्या डोळ्यांक उजेड दी."

सगळं गाव 'व्हय म्हाराजा' म्हणालं. मीही म्हटलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. गावाने आपल्यासाठी काही मागितल्याचं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असावं. गावकराने मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

"आनी ह्या डोंगरार जां काम जातला, तां सुरळीत पार पाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्या लयीतच सगळे बोलून गेले, आणि सगळ्यांत मोठा आवाज म्हाताऱ्याचा होता. मोर्च्यांत घोषणा देऊन तापलेला, लांबवर जाणारा आवाज. लहानपणापासून गाऱ्हाण्याला उभं राहिलेल्या जिभेला थांबायचं कळलंच नाही. नारळ फुटला. माणसं एकमेकांकडे न बघता खोबऱ्याच्या तुकड्यासाठी हात पुढे करू लागली.

माझं मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

"बाय," त्याने विचारलं, "म्हजोय आवाज आयलो?"

होय म्हणायला माझं तोंड उघडेना. मी नुसती मान हलवली. ती त्याला दिसली नाही. मशीन सुरू झालं, तरी तो माझ्याकडे तोंड करून उत्तराची वाट बघत उभा होता.