न्हाणीघराच्या दाराचे बारा स्क्रू

घरच्या कामाला स्वस्तातली हत्यारं घ्यावीत की नाहीत, असं ओळखीचे लोक मला अजून विचारतात. मी कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. मापं घ्यायची आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम, त्यामुळे माझं मत भरवशाचं असेल असं त्यांना वाटतं. मत आहे. पण ते मला कारखान्यात मिळालेलं नाही. बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, आयुधपूजेच्या दिवशी, साधारण वीस मिनिटांत ते मिळालं. त्यातली पहिली नऊ मिनिटं मी वाया घालवली.

त्या वर्षी श्रावणात न्हाणीघराचं दार ओलीनं फुगलं आणि उंबऱ्याला घासू लागलं. ते उतरवून, खालून रंधा मारून परत बसवायचं होतं. घरात हत्यारं होती. वडील रेल्वेच्या सुतारखात्यात होते. त्यांच्या माघारी त्यांची पेटी माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, सांभाळली होती. तेलाचा हात दिलेली ती हत्यारं इतकी चांगली होती की मला ती झिजवायची भीती वाटे. रंधा तेवढा मी पेटीतला घेतला. बाकीच्यासाठी चिकपेटेच्या बाजारात गेलो.

तिथं एकजण गोणपाट अंथरून बसला होता, समोर हत्यारांचा ढीग, कोणताही नग एक रुपया. मोठ्या दुकानात हेच पाच रुपयांना पडेल, असं त्यानं मला कानडीत सांगितलं. ते खरं नव्हतं आणि ते मला कळत होतं. मी चार नग उचलले: हातोडी, स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि चुना लावायचा कुंचला. तोच स्क्रूड्रायव्हर कारखान्यात माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याच्या टोकावर कानस फिरवून पाहिली असती. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते, कच्च्या लोखंडात रुतते. एवढी साधी परीक्षा. पण घरच्या एका दारासाठी इतकं काय पाहायचं, असं मनात आलं आणि मी रुपये मोजून दिले.

दाराला तीन बिजागऱ्या होत्या, आणि दार बाहेर उघडणारं असल्यामुळे त्यांचे स्क्रू बाहेरून दिसत. दाराच्या फळीत दर बिजागरीचे चार, म्हणजे बारा. ते बसवताना स्क्रूड्रायव्हरचं टोक मऊ पडून घसरायला लागलं. प्रत्येक घसरीला स्क्रूच्या डोक्यावरची खाच थोडी खरवडली जाई. मी जोर लावून काम पुरं केलं. शेवटी मोजलं तर नऊ स्क्रूंच्या खाचा गेलेल्या होत्या. मला ते खटकलं. पण दार छान मिटत होतं, आणि आता हे स्क्रू काढायचे आहेत कुणाला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आयुधपूजेला आमच्याकडे वडिलांची सगळी हत्यारं धुऊन, पुसून देवापुढे पाटावर मांडतात. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. वडिलांनी हे कधी मोडलं नाही. एका वर्षी शेजारीण दुपारी विळी मागायला आली, तर अक्कानं तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.

त्या सकाळी मी हत्यारं मांडत असताना अक्कानं विचारलं, चिकपेटेतली कुठायत? मी म्हटलं, ती पूजेत ठेवण्याजोगी नाहीत.

"मग घरात ठेवण्याजोगी कशी झाली रे?" ती म्हणाली आणि फुलं निवडत राहिली.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. सायकलला, शिवणयंत्राला, वाटणाच्या रुब्बू दगडाला कुंकू लावताना ती हातात झेंडूचं फूल घेऊन मागेमागे होती. दोनदा तिनं करंडा सांडला तेव्हा अक्कानं तिला बाहेर पिटाळलं. साडेदहाच्या सुमारास मी अंगणात सायकलच्या चाकाखाली लिंबं ठेवत होतो. न्हाणीघराच्या आतून कडी सरकल्याचा आवाज आला. बायको स्वयंपाकघरात होती, अक्का देवापाशी. मी दाराशी गेलो आणि विचारलं, आत कोण आहे?

"हंड्याला कुणी कुंकू लावलंच नाही," मुलगी आतून म्हणाली. "मी लावते."

आमचं न्हाणीघर जुन्या पद्धतीचं होतं. आत विटांच्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा, खाली लाकडं. सणाची न्हाणी चालू असल्यामुळे चूल पहाटेपासून पेटलेली होती आणि पाणी खदखदत होतं. हंड्याचा काठ तिच्या डोक्याच्या वर. चढून बसायला शेजारी लाकडांची रास.

मी आवाज शक्य तितका सरळ ठेवला. हंड्याला हात लावू नकोस, दाराशी ये, कडी काढ, असं सांगितलं. ती आली, हे पावलांवरून कळलं. कडी खाली, तिच्या हाताला येईल अशीच होती. पण तिनं ती दोन्ही हातांनी ढकलून घट्ट बसवली होती.

"निघत नाही, अण्णा."

बायको धावत आली. तिनं लाथ मारायला सांगितलं. मी सांगितलं, दार बाहेर उघडतं, आत ढकललं की चौकट आडवी येते. एवढं बोलायलाही वेळ जातोय हे मला जाणवत होतं. मग तिनं मला बाजूला केलं, फटीला तोंड लावलं आणि मुलीला दाराला पाठ टेकून बसायला लावलं. हातातल्या झेंडूच्या पाकळ्या मोजून दाखव म्हणाली. मुलगी शाळेत शिकल्याप्रमाणे कानडीत मोजू लागली. ओंदु, एरडु, मूरु. जोवर आकडे ऐकू येत होते तोवर ती दाराशी आहे हे आम्हाला कळत होतं.

स्क्रू काढून दार बिजागऱ्यांवरून सोडवणं हा एकच मार्ग होता. कोनाड्यात चिकपेटेचा स्क्रूड्रायव्हर होता, तोच घेतला. चांगल्या खाचांचे तीन स्क्रू कसेबसे निघाले. चौथ्याला टोक घसरलं, पाचव्याला घसरलं, सहाव्याला ते चक्क पिळलं गेलं. तिन्ही बिजागऱ्यांवर परत परत जाऊन मी तोच खटाटोप करत राहिलो. माझी नजर दोनदा देवघराकडे गेली. वडिलांचा स्क्रूड्रायव्हर तिथं पंधरा पावलांवर होता, फुलाखाली. मी गेलो नाही. मी फार देवभोळा माणूस नाही. पण ती हत्यारं उचलायची नसतात, हे लहानपणापासून इतकं अंगात बसलेलं होतं की ती उचलता येतील हे मला सुचलंच नाही. नऊ मिनिटं म्हणतो ती हीच. भिंतीवरचं घड्याळ मागच्या दारातून दिसत होतं.

अक्का आली ती वडिलांचा स्क्रूड्रायव्हर आणि पटाशी घेऊनच. दोन्हींवरचं कुंकू तिच्या पदराला लागलं होतं.

"देवाला मी सांगते. तू दार बघ."

वडिलांचा स्क्रूड्रायव्हर मी स्क्रूला लावला आणि तोही गरगर फिरला. त्याचं टोक शाबूत होतं, पण खाचच उरली नव्हती. चांगल्या हत्याराला धरायला मी जागाच ठेवली नव्हती. तो क्षण मला अजून नकोसा वाटतो. आत आकडे चालू होते, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. इप्पत्तेंटु, इप्पत्तोंबत्तु. अठ्ठावीस, एकोणतीस. मग ते थांबले.

बायकोनं हाक मारली. लाकडं सरकल्याचा आवाज आला.

मी पटाशी बिजागरीच्या कडेला लावली आणि फळीच फोडायला घेतली. ठोकायला हाताशी होती ती रुपयाची हातोडी. तिचा दांडा ढिला होता, डोकं ओबडधोबड होतं, पण वजन होतं, आणि ठोकायला तेवढं पुरतं. पटाशी लाकडात शिरली, दोनदा स्क्रूवर आदळली, तिची धार गेल्याचं हाताला कळलं. वरची बिजागरी सुटली. मधली सुटतच होती तेव्हा आतून किंकाळी आली. बायकोनं फटीत बोटं घातली, मी आणि अक्कानं फळी धरली, आणि आम्ही तिघांनी दार ओढून काढलं.

ती लाकडांच्या राशीवर होती. उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती, हंड्याच्या पोटावर कुंकवाचा एक ओघळ होता. काठापर्यंत तिचा हात पोचला नव्हता, एक वीत कमी पडली होती. ती वीत मी नंतर मोजून पाहिली. का मोजली ते सांगता येणार नाही. बायको तिला घेऊन नळाखाली बसली, बराच वेळ उठली नाही.

अक्कानं पटाशी धुतली. तिच्या धारेला दोन खांडे पडले होते. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि नवं कुंकू लावून ती पाटावर जागच्या जागी ठेवली.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी हे सांगतो. ज्या हत्याराकडून नुसतं वजन हवं, किंवा जे एकदा वापरून टाकायचं आहे, ते स्वस्त घ्या. माझी हातोडी अजून आहे, दांडा मात्र बदलला. कुंचल्यानं दोन वर्षं चुना लावला. पण जे हत्यार दुसऱ्या वस्तूला धरतं, फिरवतं किंवा कापतं, ते कच्चं घेऊ नका. ते मोडलं तर रुपयाच जातो, त्याचं फार वाटायला नको. ते मोडण्याआधी कामात काय बिघडवून ठेवतं ते दिसत नाही, आणि गरज पडते त्या दिवशी दुकान बंद असतं. आणि घरात चांगलं हत्यार असेल तर ते वापरा.

पुढच्या आयुधपूजेला मी पेटी उघडली तेव्हा अक्कानं वडिलांचा स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. हा आजपासून बाहेर राहील, म्हणाली. त्याच्या जागी तिनं ती रुपयाची हातोडी मांडली. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे गेलो. नव्या दाराचे बाराही स्क्रू पाव वळसा सैल करून पाहिले, परत आवळले. हे मी दर वर्षी करतो. मुलगी आता दहा वर्षांची आहे. ती पायरीवर बसून मोजते, आणि बारावा सैल होईपर्यंत मी तिला उठू देत नाही.