बयाबाईची भिजलेली ओळ

पिकाला पाणी भरावं तर बयाबाईनंच, हे सिन्नरच्या त्या शिवारात तिच्याशी अबोला धरलेली भावकीसुद्धा कबूल करायची. रोपानं मान टाकायच्या आत ती हंडा घेऊन हजर. अशा बाईची लेक शिकूनसवरून घरी आली ती कशासाठी, तर पीक तहानलेलं ठेवायला! देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

सत्त्याण्णवच्या सुमाराला ललिता एसटीनं नाशिकला कॉलेजात जायला लागली, तेव्हा लोक म्हणाले, "पोरगी शिकून काय दिवे लावणार?" बयाबाईनं ठणकावलं, "लावंल. उजेड सोसला नाय तर डोळे मिटा."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ललिताची डॉक्टरेट अर्ध्यावर होती. बाजरी तहानली की पान कसं वागतं, आणि त्याच घडीला पानाच्या आत कुठली जनुकं जागी होतात, या दोन्ही गोष्टी तिला एकत्र बघायच्या होत्या. कुंडीतल्या लाडावलेल्या रोपावर तिचा भरवसा नव्हता. म्हणून बाजरी पेरली घरच्याच रानात. निम्म्या तुकड्याला पाणी, निम्म्याचं तोडलेलं.

पान तोडल्या तोडल्या गोठवावं लागे. त्यासाठीचा द्रव नायट्रोजन ती गुरांच्या दवाखान्यातून आणायची. गायी भरवायला डॉक्टर गोठवलेलं रेत घेऊन फिरतो ती टाकी गावात कोण ओळखत नाही? शेजारची भागुबाई बांधावरून ओरडली, "बये, यंदा बाजरी भरवती काय?"

"हा, वासरू झालं का खरवस धाडते!" बयाबाई म्हणाली.

तोंडानं हसली खरी, पण वाळणारा तुकडा तिला बघवेना. पानांच्या सुरळ्या झाल्या. वाटेनं जाणारा येणारा चुकचुकायचा. एका संध्याकाळी ललिता सिन्नरला गेलेली बघून बयाबाईनं वाटेकडच्या ओळीला हंड्यानं पाणी घातलं. एका ओळीनं काय होतंय? वरून कोरडी माती पसरायलाही ती विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ललिता पानातून किती वाफ सुटते ते मोजणाऱ्या यंत्राचा चिमटा लावत लावत त्या ओळीपाशी थबकली. "आई, इथं पाणी कुणी घातलं?"

"माती तर कोरडी हाय."

"माती कोरडी आहे गं. पण तहानलेलं पान दुपारी आपली बारीक तोंडं मिटून घेतं. या पानांची उघडी आहेत."

बयाबाईला रडूच कोसळलं. हातचा उन्हाळा गेला, लेकीची डॉक्टरेट आपण आपल्या हातानं बुडवली, एवढंच तिला कळत होतं. ललिता बांधावर बसली. वहीत त्या ओळीपुढं तिनं खूण केली. मग उठली आणि त्या ओळीचीही पानं तोडून गोठवायला लागली.

पुढचं वर्षभर बयाबाईला घास गोड लागला नाही. लेकीला विचारायची तिची हिंमत होईना.

मग नाशिकच्या एका सभागृहात ललिताचं भाषण ठरलं. बयाबाई आणि तिचा नवरा कारभारी शेवटच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसले. पडद्यावर रंगीत ठिपके आले, एकेक ठिपका म्हणजे एकेक जनुक. पाणी तोडल्यावर कुठली जागी झाली ते ललितानं दाखवलं. "आणि ही एक ओळ माझ्या बेतात नव्हतीच," ती म्हणाली. "हिला मध्येच पाणी मिळालं. बहुतेक जनुकं पुन्हा निजली, पण ही थोडी जागीच राहिली. पाणी पिऊनही बाजरी तहान लगेच विसरत नाही. ही ओळ भिजली नसती, तर हे मला दिसलंच नसतं."

पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "पाणी घातलं कुणी?"

ललितानं उत्तर द्यायला माइक तोंडाशी धरला. तोवर मागं खुर्ची सरकली. बयाबाई उभी होती.

"म्या घातलं. तिची आई हाय मी."

सगळ्या माना वळल्या, टाळ्या पडल्या. कारभारी ओशाळून तिचा पदर ओढायला लागला, "बस की आता खाली."

"ऱ्हाऊ द्या हो," बयाबाई म्हणाली. "बघू द्या नाशिकला, ही लेक कुणाची हाय ते."