दुपारच्या व्हिडिओतला कुत्रा

दुपारचा माझा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलात ना? आता पुढचं वाचा.

मी एकटाच सायकलवर देवळ्याकडे निघालो होतो. चांदवडच्या पुढे माळावर एक कुत्रा अंगावर आला. आपण सायकलवाले करतो तेच मी केलं, बिस्किट टाकलं. तो गप्प झाला आणि माझ्यामागे धावायला लागला. थांबला की मी आणखी एक टाकायचो, व्हिडिओ चांगला यावा म्हणून.

घाटाच्या उतारावर ब्रेक सोडले आणि त्याला विसरलो.

संध्याकाळी परतताना तो घाटाखाली पडलेला दिसला. चारही पंजे सोलून निघाले होते. एक मावशी त्याला पाणी पाजत होती.

"आमच्या शेळ्या राखतो हा. दुपारपासून हुडकतेय. एवढ्या लांब कोणी आणला कुणास ठाऊक!"

मला बघून त्याने शेपटी हलवली.

"वळखतो व्हय तुला?"

"नाही मावशी," म्हणालो आणि पेडल मारलं.

व्हिडिओखाली तुमचं हसणं अजून चालूच आहे. "कसला नाचतोय!" असं कितीजणांनी लिहिलंय. पुन्हा एकदा नीट बघा.

तो नाचत नव्हता. डांबर तापलं होतं.