खडकावरचे लाल ठिपके

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, आज अमावस्या तर नाही ना... स्वभावाला औषध काय?

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. कोल्हापुरात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवायचे. नव्वदच्या दशकात दर अमावस्येला गगनबावड्याच्या घाटाने एसटीने समुद्रावर जायचे. आमच्या कसबा बावड्यात कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे बाई. मला बाईचा संशय होता. त्यात अक्काला त्यांच्या पिशवीत लाल नेलपॉलिश सापडलं. ती तर नखं कधीच रंगवत नसे. मला म्हणाली, "बाळू, आता तरी पटलं न्हवं? जा, बघून ये की."

मी मागच्या गाडीने गेलो. अमावस्येची मोठी ओहोटी लागली होती आणि दाजी ओल्या खडकावर उकिडवे बसून चिमुकल्या टोपीसारख्या शंखांना लाल ठिपके देत होते! मला बघून दचकलेसुद्धा नाहीत, याचाही मला संशय आला.

"आलास व्हय? बस. कान लाव खडकाला."

खर्र खर्र असा बारीक आवाज येत होता. "शेवाळ खरवडतोय त्यो, शंखातला जीव. जिभेवर कानशीवानी दात हायत. खडक ओला हाय तवर हिंडून चरायचं आणि वाळायच्या आत परत आपल्याच जागेवर. तिथं कवचाची कड खडकाला गच्च बसती. न्हायतर उन्हानं वाळून मरंल की."

शंखावर एक ठिपका, त्याच्या जागेशेजारी खडकावर दुसरा. पुढच्या ओहोटीला जोडी जुळते का, एवढंच ते बघत. तरी मी चहाच्या टपरीवर खोदून खोदून चौकशी केलीच. काही हाती लागलं नाही. घरी येऊन सगळं सांगितलं तर अक्का म्हणाली, "तुलाबी गुंडाळलं त्यांनी."

दाजींना जाऊन आता काही आठवडे झालेत. परवाच्या अमावस्येला अक्का स्वतःहून म्हणाली, मला तिकडं ने. खडकावर उभी राहून आधी ती आजूबाजूची घरंच न्याहाळत होती. मग पदर खोचून वाकली, कान लावला. बराच वेळ उठली नाही.

"अक्का, दाजींनी तुला एकदा तरी आणायला हवं होतं."

"दर खेपेला इचारायचे, येतीस का म्हणून..." ती खडकावरून हात फिरवत म्हणाली. "मला वाटायचं, मी न्हाय म्हणावं म्हणूनच इचारत्यात."