साडेतीन तास पुढचे गुरुजी

स्वतःच्या गावात राहून साडेतीन तास पुढे जगणारा माणूस अख्ख्या नेवासे तालुक्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या वर्गात आला. घोडेगावजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते, गुरुजी सातवीला. मध्ये नुसती एक भिंत. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्यावर आपली वेळ, उजव्यावर जपानची. तिथल्या एका शाळेशी त्यांनी आमच्या पोरांची ऑनलाइन गाठ घालून दिली होती, आणि तेव्हापासून त्यांची भूक, झोप आणि राग सगळं उजव्या मनगटावर चालायचं. मी डबा उघडला की म्हणायचे, "बाई, आत्ता कुठं जेवताय? तिकडं पोरं घरी पोचली!" जणू जपानच्या पोरांनी माझी भाकरी अडवून धरली होती.

शाळेच्या टॅबला ते तान्ह्या बाळासारखं टॉवेलात गुंडाळून आणत. रेंजसाठी आधी पाण्याच्या टाकीवर चढत, मग कौलांवर, आणि तिथूनच खाली वर्गाला पाढे म्हणायला लावत. कुणाच्या लग्नाला गेले तरी अक्षता टाकायच्या आधी मोबाईल उंच धरून रेंजच्या कांड्या बघत. तिकडची मुलं वाकून नमस्कार करतात म्हटल्यावर त्यांनी आमच्याही पोरांना ती सवय लावली. एकदा केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले, तर सगळी शाळा त्यांच्यापुढे कंबरेत वाकली. साहेब बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

मी त्यांची पुष्कळ चेष्टा केली, पण एक कबूल करायलाच हवं. ज्या पोरांना शुद्धलेखन लिहा म्हटलं की पोटात दुखायचं, ती आता "जपानला दावायचंय" म्हणून पान पुन्हा पुन्हा लिहीत होती. केस विंचरून येत होती. इंग्रजीला घाबरणारी पोरं शेळ्यांमागे जाताना तोंडातल्या तोंडात आपलं नाव-गाव इंग्रजीत घोकत होती. अडचण एकच होती, जनावरांच्या बाजाराची. त्या दिवशी आमचे वर्ग ओस पडायचे, आणि जपानच्या शाळेला मोकळा तास मिळायचा तो नेमका त्याच दिवशी.

त्यातही गुरुजींचा जीव अडकला होता गौरीत. वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत पोर. तिचे वडील बाजारात दलाल. दर बाजारी तिला जनावरांची दावी धरायला घेऊन जात. "सातवी झाली का बास," त्यांनी सांगून टाकलं होतं. "मला हाताखाली मानूस लागतंय." गुरुजींनी डोकं चालवलं आणि जपानच्या मुलांशी पहिलं बोलायचं काम गौरीवरच सोपवलं, म्हणजे तिला यावंच लागेल.

ती आली. पण वडिलांना न विचारता आली. तास सुरू झाला, पडद्यावर स्वच्छ गणवेशातली मुलं दिसली आणि टॅबचा आवाजच गेला. गुरुजींनी टॅब हलवला, थोपटला, त्याच्या पाया पडायचे तेवढे राहिले. तिकडची मुलं शांतपणे वाट बघत होती. मी दारात उभी होते. गुरुजींची ती धडपड पाहिली आणि मला त्यांची चेष्टा केल्याचं वाईट वाटलं. तेवढ्यात खिडकीत गौरीचे वडील दिसले. लेकीला न्यायला आले होते, आणि रागात होते.

गौरीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने फळ्यावर भराभरा एक गाय काढली, गुरुजींचा टॉवेल ओढून घेतला आणि मैत्रिणीचा हात त्याखाली धरला. बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. मग तिने टॉवेल बाजूला करून कुठलं बोट कसं धरलंय ते दाखवलं. पडद्यावर एकदम गडबड उडाली. तिथल्या प्रत्येक पोराच्या खिशातून हातरुमाल निघाला! दोन मुलींनी रुमालाखाली सौदा केला, बोटं उघडून दाखवली आणि गौरीने मान हलवून गाय विकून टाकली.

"आगं, काय करती! गाय फुकापासरी गेली की!" खिडकीतून वडील ओरडले, आणि तरातरा दाराशी आले. मला वाटलं, आता पोरीला ओढून नेतात. त्यांनी पायताण दारात काढलं, टॉवेल नीट धरला आणि पडद्यासमोर उभे राहिले. "पुन्यांदा दाव त्यानला. घाई न्हाई करायची." तास संपल्यावर जाताना गुरुजींना म्हणाले, "आवाज नव्हता तरी समदं कळलं की हो त्यानला! पुढच्या बारीला खरी गाय आनतो." लेकीला नेलंच नाही. गुरुजींनी टॉवेल परत घेतला आणि टॅब त्यात गुंडाळला.

गुरुजी आता निवृत्त होऊन केडगावला मुलाकडे राहतात. दोन्ही घड्याळं अजून आहेत म्हणे, सून हसते. दर बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, एकच प्रश्न, "बाई, गेली का?" हायस्कूलचा रस्ता माझ्या खिडकीखालून जातो. गौरीची सायकल दिसेपर्यंत मी फोन ठेवत नाही, आणि तेही ठेवत नाहीत. मग मी म्हणते, "गेली हो, गुरुजी. शाळेतच गेली."