फोडणीचा वास

आमच्या घरात कुणाला जखम झाली की फोडणी बंद. कढत तेलात लसूण-मिरची पडली की तो वास जखमेला लागतो आणि जखम पिकते, असं आईचं म्हणणं. म्हणणं कसलं, कायदाच तो. आंबट बंद, वांगं बंद, पालेभाजी बंद. लहानपणी बांधावरून पडून माझा गुडघा फुटला, तेव्हा शेजारी मासे तळतायत म्हणून तिनं माझ्या नाकात कापसाचे बोळे कोंबले होते. तशीच शाळेत गेले. पोरं हसली, मी दोघांना बदडलं. गुडघा यथावकाश भरला. पोरसवदा गुडघा तो, भरणारच होता. पण आईच्या लेखी तो पथ्यानं भरला, आणि पुढं जन्मभर तिनं गावाला माझ्या गुडघ्याचा दाखला दिला.

मी आता नांद्याला राहते, आई कोळवणला दादा-वहिनीपाशी. गेल्या भातकापणीत अनवाणी चालताना तिच्या तळपायात धसकट घुसलं. आईला साखरेचा आजार आहे. अशा माणसाच्या पायाला काही समजत नाही. दिवेलागणीला वहिनीला अंगणात रक्ताची पावलं दिसली, तेव्हा कुठं आईनं पाय उलटून पाहिला. चार दिवसांत भरंल म्हणाली. भरली नाही. जखमेचं तोंड पांढरं पडलं तेव्हा दादानं मला फोन केला, आणि आम्ही तिला पिरंगुटच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस. जखम साफ केली, औषधं दिली आणि मग जेवणाचं विचारलं. वहिनीनं पथ्याचं खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, जखमेवर नवी कातडी विणावी लागते, आणि तिचा धागा जेवणातून येतो. डाळ खा, अंडं खा, पालेभाजी खा. आवळ्यात, पेरूत जे सत्त्व असतं ते कातडीला धरून ठेवतं. हिरव्या, लाल भाज्यांमधली द्रव्यं सूज उतरायला मदत करतात. नुसत्या आवळ्यानं पाय बरा होईल असं मी म्हणत नाही. साखर ताब्यात पाहिजे, मलमपट्टी पाहिजे. पण पोट असं कोरडं ठेवून जखम भरणार कशी?"

आईनं मान हलवली. मला वाटलं, पटलं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "त्येंनी शिकल्यालं हाय, आमी पाळल्यालं हाय. तुजा गुडगा कशानं भरला मग?"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "आई, माझा गुडघा आता पुरे कर." ती खिडकीबाहेर बघत बसली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

परड्यात आवळ्याचं झाड आहे, तिनंच लावलेलं. त्या थंडीत ते वाकलं होतं फळांनी. भातखाचरात हरभरा कोवळा होता, चाकवत उगवला होता. सगळं हातभर अंतरावर, आणि आई मऊ भात नि भाकरी-दूध यावर. वहिनी बिचारी गोठ्यामागं चूल मांडून पोरांपुरती भाजी फोडणीला टाकायची. तरी वारा फिरला की आई पदर नाकाला लावायची. रविवारी मी गेले की पट्टी सोडताना पाहायचे, आणि दर वेळी जखम थोडी मोठीच असायची.

शेवटी वहिनीनं धीर केला. आवळा वाफवून, कुस्करून मुगाच्या वरणात घातला, वर थोडा गूळ. पहिल्याच घासाला आई थांबली. ताट सरकवलं. म्हणाली, "माजा पाय घालवायचाय व्हय तुला?" वहिनीनं ताट उचललं. मी तिथंच होते. मी बोलले, खूप बोलले, पण आईनं त्या दिवसापासून सुनेच्या हातचं वरण घेतलं नाही. स्वतः सरपटत जाऊन दुधाचं पातेलं उघडायची, भाकरी चुरायची. घरच्याच माणसावरचा विश्वास सुटला, त्याचं मला पायाइतकंच वाईट वाटलं.

शिमग्याच्या आधी पाय काळा पडला. पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून काढावा लागला. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तिनं नीट खाल्लं असतं तर वाचला असता का? ते म्हणाले, सांगता येणार नाही, साखर फार वाढलेली होती, जखम खोल होती. त्यांनी "हो" म्हटलं असतं तर मी आईवर रागावले असते, "नाही" म्हटलं असतं तर सुटले असते. आता दोन्ही नाही. रडायला येतं तेवढं येतं.

काही दिवसांनी आईला घरी आणलं. दवाखान्यात जे पुढ्यात आलं ते ती मुकाट जेवली होती, उसळ, टोमॅटो, पालक, सगळं. टाके काढले तेव्हा खालची कातडी गुलाबी, नीट जुळलेली होती. वहिनी पट्टी बदलताना आई जखमेकडे टक लावून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "भरली की गं ही."

"व्हय, आत्याबाई," वहिनी म्हणाली. सासूला ती आत्याबाईच म्हणते.

"त्या दिशी वरण केलं हुतंस, आवळ्याचं. मी सरकवलं त्ये. तसंच कर."

वहिनीनं परड्याकडं पाहिलं. चैत्र लागला होता. "आवळं सरलं, आत्याबाई. झाडाला एक न्हाई ऱ्हायला."

आईनंही झाडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "मग चिंच घाल. आन हितंच चूल पेटीव. गोठ्याकडं नगं जाऊस."

वहिनीनं घरातली चूल पेटवली. तेल तापलं, लसूण पडला, चर्र झालं, आणि कितीतरी महिन्यांनी तो वास घरात शिरला. आईचा हात सवयीनं पदराकडं गेला, पदर नाकापर्यंत आलाही. मग तिनं खाली पाहिलं, जिथं पाय असायचा तिथं, आणि पदर सोडून दिला.