जबड्यामागची दोन बोटं

दवाखान्यात गुंगी देणाऱ्या त्या मावशी नसत्या, तर हे लिहायला मी नसतो.

तिसरीतून शाळा सोडून मी गोदेपलीकडून जालन्याच्या कापसाच्या जिनिंगात कामाला आल्तो. दाढ सुजली, जबड्याखाली पू झाला आणि तोंड बोटभरही उघडेना. चिरा देणं भाग होतं. डॉक्टर मावशींना म्हणाले, "पुरी गुंगी दिली आणि जीभ मागं पडली, तर बंद तोंडातून ती ओढणार कशी?" ऐकून मी दाराकडं बघितलं. माय फार लांब होती.

मावशींनी मऊ रबरी नळी गोडेतेलात बुडवली आणि माझ्या नाकातून हळूहळू घशाकडे सारली, दमाला वाट राहावी म्हणून. "बैलाला वेसण घालतेत, तसं समज. बैल तरी लाथ मारतो, तू लईच गरीब हाइस." मला हसू आलं, पण हसता येईना.

मंग मावशी एका हातानं माझ्या नाकावर ठेवलेल्या कापडावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडू लागल्या. दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्या जबड्यामागं होती, जबडा पुढं रेटून धरलेली. "अर्धवटच झोप, लेकरा. दम तुझा तूच घे, वाट मी उघडी धरून बसते."

मी कापसाच्या ढिगात उतरत गेलो, पांढऱ्या, उबदार. कितीही खाली गेलो तरी ती बोटं सोबत होती.

जागा झालो तेव्हा चिरा देऊन झाला होता, मावशी दुसऱ्या खाटेकडे गेल्या होत्या. बंद तोंडानं त्यांचं नाव विचारायचं राह्यलंच.

आता तोंडात भाकरीचा घास मावतो. एक दिवस मायला घेऊन त्या दवाखान्यात जाईन, मावशींचं नाव विचारीन. आणि त्या कधी अंथरुणाला खिळल्या, तर उशाशी मी बसेन.